स्मरण : शक्ती की सवय?

(नभोवाणीवरील भाषण)

‘माझ्या काही लक्षातच राहत नाही’ ही तक्रार ज्याच्या तोंडून कधी निघाली नाही असा मनुष्य विरळाच. विद्यार्थी ती परीक्षेच्या तोंडावर करतो, गृहिणी बाजारातून परतल्यावर करते आणि साठी उलटलेले गृहस्थ चष्मा शोधता शोधता करतात. तक्रार एकच असली तरी तिचे परिणाम सारखे नसतात. गृहिणीला फार तर पुन्हा एकदा बाजारात जावे लागते. परंतु दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या मनात ‘देवाने मला डोकेच दिलेले नाही’ हे एकदा बसले, की ते मूल मनातल्या मनात पुस्तकाशी आपले नाते तोडून टाकते. पुढे शाळा सुटते ती केवळ त्याचा शेवट म्हणून. तीच गोष्ट साठीच्या गृहस्थांची. ‘आता आपली विसरण्याची वेळ आली’ ही धास्ती मनात शिरली, की ते चारचौघांत बोलणे टाळतात, घरचा हिशेब मुलाच्या हाती देतात आणि कोपऱ्यातली खुर्ची जवळ करतात. शिक्षकाच्या पेशात हे दोन्ही प्रकार नित्य पाहण्यात येतात. मुले वर्गात भेटतात आणि त्यांचे आजोबा शाळेच्या फाटकाशी.

या दोघांचीही दिशाभूल करणारा एक शब्द आपल्या भाषेत आहे. तो शब्द म्हणजे ‘स्मरणशक्ती’. शक्ती म्हटली, की आपल्याला दंडातले बळ आठवते. ते कोणाला जन्मतःच अधिक, कोणाला कमी. ते खुराकाने वाढते, वयाने घटते. मग स्मरणाचेही तसेच असणार अशी आपली समजूत होते. परीक्षेचा हंगाम आला, की बदाम भिजत पडतात आणि बाटल्यांचा खप वाढतो. पण अभ्यास न करता निरोगी मुलाच्या डोक्यात धडा उतरवून देईल असे औषध कोणत्याही बाटलीत नाही. स्मरण हे मुख्यतः बळ नसून कसब आहे, आणि कसब हे सवयीने येते, एवढीच गोष्ट आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे.

प्रथम ही ‘शक्ती’ पाठांतराने वाढते का ते पाहू. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात स्वतःवर केलेला एक प्रयोग नमूद केला आहे. त्याने व्हिक्टर ह्यूगोच्या एका काव्यातील १५८ ओळी पाठ केल्या आणि किती वेळ लागला ते मोजले. सुमारे १३२ मिनिटे लागली. नंतर ३८ दिवस रोज नेमाने त्याने मिल्टनच्या महाकाव्याचे पाठांतर केले आणि मग पुन्हा ह्यूगोकडे वळून पुढच्या १५८ ओळी घेतल्या. या वेळी १५१ मिनिटांहून अधिक वेळ लागला! त्या दिवसांत आपण थकलो होतो असे तो सांगतो. पण थकव्याचा वाटा वजा घातला तरी तालीम केलेल्या दंडासारखे स्मरणाचे बळ वाढल्याची खूण त्याला दिसली नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. अमेरिकेतीलच पिट्सबर्ग शहरातल्या एका विद्यापीठात एका साध्या विद्यार्थ्यावर प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त १९८० साली प्रसिद्ध झाला. त्याला एकामागून एक आकडे ऐकवीत आणि ते त्याच क्रमाने म्हणावयास सांगत. आरंभी, आपल्यासारखेच, सात आकडे त्याच्या ध्यानात राहत. दीड वर्षाहून अधिक काळ, एकूण सुमारे २३० तास सराव केल्यावर तो ७९ आकडे बिनचूक म्हणू लागला. हे कसे साधले? तो धावण्याच्या शर्यतीत भाग घेणारा होता. तीन-चार आकडे ऐकले, की तो त्यांचा अर्थ ‘अमुक शर्यतीची अमुक वेळ’ असा लावी, आणि अशा वेळांचे गट बांधी. आकड्यांऐवजी अक्षरे ऐकवली तेव्हा मात्र त्याची धाव सहाच्या आसपास येऊन थांबली. बळ वाढले असते तर अक्षरांनाही त्याचा उपयोग झाला असता. वाढले होते ते आकडे बांधण्याचे कसब.

श्रोतेहो, यात निराशेचे कारण नाही. उलट मोठा दिलासा आहे. बळ जन्माने मिळते, पण कसब कोणालाही शिकता येते. ते शिकण्याच्या चार-पाच सवयी आता क्रमाने पाहू.

पहिली सवय लक्ष देण्याची. आपण ज्याला विसरणे म्हणतो त्यातले पुष्कळसे विसरणे नसतेच. जी वस्तू मनाच्या दारातून आत आलीच नाही ती हरवणार कशी? १९७९ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी लोकांपुढे त्यांच्याच देशाच्या सर्वांत लहान नाण्याची पंधरा चित्रे ठेवली. एक खरे, बाकीची थोडाफार फरक केलेली. रोज हाताळलेले ते नाणे निम्म्याहून अधिक लोकांना ओळखता आले नाही. आपणही खिशातले पाच रुपयांचे नाणे न पाहता कागदावर काढून पाहावे, म्हणजे डोळ्यांसमोर असणे आणि लक्षात असणे यांतले अंतर कळेल. चष्मा, किल्ली, पासबुक या वस्तू ठेवताना आपला हात एक काम करीत असतो आणि मन दुसरे. म्हणून ठेवताना तोंडाने म्हणावे, ‘किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला लावली.’ म्हणावयास दोन क्षण लागतात, शोधण्याचा अर्धा तास वाचतो. नव्या माणसाची ओळख झाली तर त्याचे नाव लगेच एकदा आपल्या तोंडून घ्यावे, निरोप घेताना पुन्हा घ्यावे. आणि मुलाने धडा वाचावयास घेतला असेल तेव्हा शेजारी मोबाइल वाजू देऊ नये. एका दारातून दोन बैल एकदम गोठ्यात शिरत नाहीत.

दुसरी सवय गट बांधण्याची आणि गाठ घालण्याची. मनाच्या ओंजळीत एका वेळी फार मावत नाही. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ही मर्यादा सुमारे सात वस्तूंची सांगितली. पुढील संशोधनाने ती चारच्या आसपास आणली आहे. पण ओंजळीत चार दाणे मावतात तशा चार पिशव्याही मावतात! दहा आकड्यांचा दूरध्वनी क्रमांक आपण पाच-पाचांचे दोन गट करून म्हणतो ते याच कारणाने. बाजारची यादीही वस्तूंनी न धरता पदार्थांनी धरावी. सोलकढीसाठी काय, उसळीसाठी काय, चहासाठी काय, असे म्हटले की बारा वस्तूंचे तीन गट होतात.

गाठ घालणे म्हणजे नवी गोष्ट आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीला बांधणे. इतिहासातील सन मुलांना वाळूसारखे निसटतात, याचे कारण ते सुटे असतात. पानिपतची लढाई १७६१ सालची हे एकदा पक्के झाले, की गोव्याची मुक्ती त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९६१ साली, हे वेगळे पाठ करावे लागत नाही. पोर्तुगीजांनी गोवा घेतला तो १५१० साली. म्हणजे त्यांची सत्ता ४५१ वर्षे टिकली. एका खुंटीला दुसरी दोरी, दुसरीला तिसरी. ज्याला अधिक माहीत असते त्याला अधिक लक्षात राहते, ते त्याच्या मेंदूच्या आकारामुळे नव्हे, तर त्याच्या घरात खुंट्या अधिक असतात म्हणून.

तिसरी सवय जागेचा आधार घेण्याची. ही फार प्राचीन आहे. रोमन वक्ता सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ५५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात सायमोनिडीस या ग्रीक कवीची आख्यायिका दिली आहे. एका मेजवानीतून हा कवी बाहेर आला आणि मागे छप्पर कोसळून सर्व पाहुणे दडपले गेले. प्रेते ओळखू येत ना. पण कोण कोठे बसला होता हे त्याला आठवत होते, म्हणून प्रत्येकाची ओळख पटली. यावरून त्याने जाणले, की मनुष्य शब्द विसरतो पण जागा सहसा विसरत नाही.

या विद्येचा आपल्या भूमीशीही थोडा संबंध आला आहे. मॅत्तेओ रिच्ची हा इटालियन जेझुइट धर्मगुरू १५७८ साली गोव्यास आला आणि काही वर्षे गोव्यात व कोचीनला काढून १५८२ साली चीनच्या वाटेला लागला. चीनमध्ये सरकारी परीक्षांचे मोठे प्रस्थ होते आणि त्यांसाठी पाठांतर अफाट करावे लागे. एका प्रांताच्या अधिकाऱ्याच्या मुलांना उपयोगी पडावी म्हणून रिच्चीने १५९६ साली या पद्धतीवर चिनी भाषेत पुस्तिका लिहिली. मनात एक घर बांधा, त्याच्या प्रत्येक दालनात एकेक चित्र ठेवा आणि हवे तेव्हा त्या घरातून फेरी मारा, हे तिचे सूत्र.

आपल्याला मनात घर बांधण्याची गरज नाही. आपले राहते घर पुरे. समजा, गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत आपल्याला पाच मुद्दे कागदाशिवाय बोलावयाचे आहेत : देणगीदारांचे आभार, छपराची दुरुस्ती, नवी पुस्तके, वाढलेली वर्गणी आणि पुढील सभेची तारीख. मनाने घराच्या फाटकाशी उभे राहा. तेथे एक देणगीदार गळ्यातल्या हारासकट फाटकात अडकून बसले आहेत. ओसरीवर या, छपरातून पाणी गळते आहे आणि खाली घरातले प्रत्येक भांडे मांडले आहे. दिवाणखान्यात पुस्तकांचा असा डोंगर, की खुर्ची दिसत नाही. देव्हाऱ्यात समईच्या जागी, आणि आमच्यासारख्याच्या घरी आल्तारावर मेणबत्तीच्या जागी, नाण्यांची चळत उभी आहे. परसातल्या विहिरीत डोकावलात तर कॅलेंडर तरंगते आहे. चित्र जितके विचित्र तितके ते टिकते. सभेत बोलताना फाटकापासून विहिरीपर्यंत चालत गेले, की मुद्दे आपापल्या जागी भेटतात.

हा केवळ गमतीचा खेळ नव्हे. युरोपातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामान्य माणसांना रोज अर्धा तास याप्रमाणे चाळीस दिवस ही पद्धत शिकविली. ७२ शब्दांच्या यादीतले आरंभी सुमारे २६ शब्द सांगणारी ही माणसे शेवटी सुमारे ६२ सांगू लागली. त्याच संशोधकांनी स्मरणाच्या जागतिक स्पर्धांत चमकलेल्या २३ जणांचे मेंदूही तपासले. त्यांच्या मेंदूच्या ठेवणीत निराळे असे काही आढळले नाही.

आता चौथ्या सवयीकडे येतो. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच, आणि मुलांच्या दृष्टीने तर सर्व काही हिच्यावर अवलंबून आहे. ही सवय म्हणजे आठवून पाहण्याची.

आपली मुले अभ्यास कसा करतात? धडा वाचतात, पुन्हा वाचतात, खाली रेघा मारतात, तिसऱ्यांदा वाचतात. तिसऱ्या वेळी वाक्ये ओळखीची वाटू लागतात. मूल म्हणते, ‘आले मला.’ दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न विचारला, की ते गप्प उभे राहते. आई म्हणते, ‘अहो सर, रात्री सगळे येत होते हो!’ आईचेही खोटे नाही आणि मुलाचेही नाही. फसवणूक केली ती ओळखीने. रस्त्यात दिसलेला चेहरा ओळखणे निराळे आणि त्या माणसाचे नाव सांगता येणे निराळे. वाचण्याने ओळख वाढते. परीक्षा मात्र नाव विचारते.

रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ साली हीच गोष्ट मोजून दाखविली. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा ठरावीक वेळात चार फेऱ्यांनी वाचला. दुसऱ्या गटाने तो एका फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्या न पाहता आठवून लिहिण्यात घालविल्या. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : शंभरांत ८३ विरुद्ध ७१. पण आठवड्याने पाहिले तर चित्र पालटले. वाचणाऱ्यांकडे ४० उरले आणि आठवून पाहणाऱ्यांकडे ६१. आपल्याला पुढे चांगले आठवेल अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होती! आठवणे ही केवळ स्मरणाची परीक्षा नव्हे. आठवण्याच्या त्या खटपटीनेच स्मरण पक्के होते. विहिरीच्या वाटेवर रोज पाय पडला तरच वाट राहते, नाही तर गवत माजते.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हे प्रयोगशाळेवाचून ओळखले होते. दिवेलागण झाली, शुभंकरोती झाली, की घरोघर परवचा होई. आजोबा ओसरीवर बसत आणि मुले पाढे म्हणत. पुस्तक समोर नाही, मोठ्याने म्हणावयाचे, रोज म्हणावयाचे आणि चुकले तर ऐकणारा तेथेच थांबविणार. आजचा मानसशास्त्रज्ञ याहून वेगळे काय सांगतो? ख्रिस्ती घरांत त्याच वेळी आंजेलची घंटा होई आणि तेर्साच्या मण्यांवर प्रार्थना मुलांच्या तोंडी बसत. वेदपाठकांनी तर क्रम, जटा, घन अशा पाठांत तेच शब्द उलटसुलट गुंफून एकही अक्षर हरवणार नाही अशी योजना केली. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. ते त्यांनी मराठी ओवीत रचले, यातही एक शहाणपण दिसते. ओवीचे यमक पुढच्या चरणाला हात देऊन वर ओढते. गद्य असे ओढीत नाही.

पण येथे एक इशारा दिला पाहिजे. परवचा वेगळा आणि घोकंपट्टी वेगळी. ‘सात सत्ते एकोणपन्नास’ हे घडाघडा म्हणणारे मूल ‘सात आठवड्यांचे दिवस किती?’ या प्रश्नाला अडखळले, तर दोष म्हणण्याचा नाही, अर्थ तोडून म्हणण्याचा आहे. आधी समजावे, मग आठवून म्हणावे, हा क्रम कधी सोडू नये.

या सवयीचा एक मोठा गुण असा, की तिला शिकवणीचे शुल्क लागत नाही आणि पालकाला अक्षरओळखही लागत नाही. जिला वाचता येत नाही अशी माउलीसुद्धा भाकरी थापताना मुलाला विचारू शकते, ‘आज शाळेत काय सांगितले ते मला समजावून सांग बघू.’ मूल सांगू लागते, मध्येच अडते, दप्तराकडे धाव घेते, पाहून येते आणि पुन्हा सांगते. त्या दहा मिनिटांत जो अभ्यास होतो तो तासभर रेघा मारून होत नाही. ज्या मुलाला आपण मठ्ठ म्हणतो, त्याला घरी असे कोणी विचारणारे आहे काय, हे आधी पाहावे. मठ्ठ हा शिक्का मारण्यास एक क्षण पुरतो. तो पुसण्यास कधी कधी सारे आयुष्य पुरत नाही.

पाचवी सवय अंतर ठेवून उजळणी करण्याची. हर्मान एबिंगहाउस या जर्मन विद्वानाने अर्थहीन अक्षरजोड्या पाठ करून त्या किती वेळाने किती टिकतात हे स्वतःवर तपासले आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात यावरून तो शिल्लक मोजी. एका तासानंतर निम्म्याहून कमी शिल्लक राही, एका दिवसानंतर सुमारे एकतृतीयांश; पण महिन्यानंतरही सुमारे एकपंचमांश राहतच असे. म्हणजे विस्मरणाची धाव आरंभी वेगाची आणि पुढे मंद. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या हळूहळू लांबवाव्यात. शिकलेले त्याच रात्री आठवावे, मग दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. परीक्षेच्या आदल्या रात्री पाच तास बसण्यापेक्षा तेच पाच तास महिनाभर वाटून दिले तर अधिक पदरात पडते. धोधो पाऊस ओढ्याने वाहून जातो, रिमझिम मात्र जमिनीत मुरते.

यासाठी एक सोपे साधन सांगतो. सेबास्टियन लाइट्नर या लेखकाने १९७२ साली ते जर्मन भाषेत मांडले. घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतोच. त्यांच्या कोऱ्या बाजूचे सारखे तुकडे कापावे; एका अंगाला प्रश्न आणि दुसऱ्या अंगाला उत्तर लिहावे. तीन डबे घ्यावे. पहिल्या डब्यातले तुकडे रोज, दुसऱ्यातले तीन दिवसांनी आणि तिसऱ्यातले आठवड्याने पाहावे. उत्तर आले तर तुकडा पुढच्या डब्यात, चुकले तर परत पहिल्यात. जे येते त्यावर वेळ जात नाही आणि जे येत नाही ते लपून राहत नाही.

आतापर्यंत झाले ते शिकलेल्याचे स्मरण. पण घरात आपली अधिक फजिती होते ती करावयाच्या कामांच्या विसराने. गोळी घ्यावयाची होती, बिल भरावयाचे होते, पत्र टाकावयाचे होते. यावर आपल्या भाषेने उपाय आधीच सांगून ठेवला आहे : खूणगाठ. जुन्या काळी पदराला किंवा उपरण्याला खरोखरच गाठ मारीत. आज गाठ मारावयाची ती नित्याच्या कामाशी. ‘संध्याकाळी गोळी घेईन’ असे न म्हणता ‘तुळशीपुढे दिवा लावला की गोळी घेईन’, ‘तेर्स संपला की गोळी घेईन’ असे ठरवावे. म्हणजे दिवा किंवा माळ स्वतःच आठवण करून देते. आणि लिहून ठेवण्यात कमीपणा मानू नये. तारखा, आकडे, पत्ते वहीने किंवा मोबाइलने वाहावेत; मनाला त्याहून मोलाची ओझी आहेत.

शरीराकडे दुर्लक्ष करून हे काही साधणार नाही. १९२४ साली जेंकिन्स आणि डालेनबाख या संशोधकांनी दाखविले, की पाठ केल्यावर झोपी गेलेल्यांच्या लक्षात जागे राहिलेल्यांपेक्षा अधिक राहते. झोपेत मेंदू दिवसभराची बेरीज-वजाबाकी करून ठेवण्याजोगे ठेवतो, हे पुढे अनेक प्रकारे दिसून आले. तेव्हा रात्र जागून केलेला अभ्यास म्हणजे कणगीला भोक ठेवून धान्य भरणे. चालण्याचेही तसेच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वयस्क माणसांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन वेळा, हळूहळू चाळीस मिनिटांपर्यंत नेत, झपझप चालावयास लावले. वर्षभराने, स्मरणाशी निकट संबंध असलेला त्यांच्या मेंदूतला भाग सुमारे दोन टक्क्यांनी वाढलेला आढळला. बाकीच्यांचा तो भाग किंचित घटला होता.

वृद्ध श्रोत्यांसाठी दोन शब्द. ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी सुचले नाही आणि दुपारी जेवताना आठवले, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. वयाबरोबर आठवणीची पावले थोडी मंदावतात एवढेच. परंतु रोजच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, तोच प्रश्न घटकेघटकेला विचारला जाऊ लागला, वर्षानुवर्षे केलेला हिशेब किंवा स्वयंपाक जमेनासा झाला, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांकडे जावे. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा दोष, खिन्नता, काही औषधांचे परिणाम अशी कारणे त्यामागे असली, तर त्यांवर उपाय आहेत. ज्याला बुद्धिभ्रंश म्हणतात त्याविषयी वैद्यकातील तज्ज्ञांच्या एका मंडळाने २०२४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात चौदा धोके सांगितले आणि ते सर्व टाळता आले तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा हा आजार टळू शकेल किंवा लांबेल असे अनुमान मांडले. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणे, कमी दिसणे आणि एकटेपणा हे त्यांतलेच. ज्याला ऐकूच नीट येत नाही त्याच्या लक्षात काय राहणार? कानाचे यंत्र लावण्यास लाजू नये, आणि घरच्यांनी आजोबांना बोलण्यातून वगळू नये.

आणि येथेच घरातली दोन टोके जुळून येतात. आपल्यापैकी पुष्कळांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस, बेळगावास, हैदराबादेस किंवा गोव्यात नांदत आली आहेत. जात्यावरच्या ओव्या, नात्यागोत्यांची नावे, कोणत्या सणाला कोणता पदार्थ आणि तो का, यांतले फारच थोडे कागदावर आहे. बाकीचे सारे आजीच्या स्मरणात आहे. जे विचारले जात नाही ते आठवले जात नाही, आणि जे आठवले जात नाही ते हळूहळू पुसले जाते, हा नियम आपण आताच पाहिला. रात्री जेवण झाल्यावर नातवाने आजीला एक ओवी विचारावी आणि आजीने नातवाला शाळेतला धडा विचारावा. दोघांचाही परवचा होईल.

तात्पर्य, लक्ष द्यावे, गट बांधावे, जागेचा आधार घ्यावा, न पाहता आठवावे, अंतराने उजळणी करावी, पुरेसे झोपावे आणि चालावे. यांतली एकही गोष्ट दुकानात मिळत नाही आणि एकही गोष्ट गरिबाच्या आवाक्याबाहेरची नाही. सर्व एकदम करू जाऊ नये. आजपासून एकच धरावी : रात्री दिवा मालवण्यापूर्वी पुस्तक, वही किंवा मोबाइल न पाहता आज आपण काय नवे ऐकले ते आठवावे, आणि मुलाकडूनही तेवढेच आठवून घ्यावे. पहिल्या दिवशी दोन गोष्टी आठवतील, आठवड्याने पाच. त्या दिवशी मुलाला ‘डोके चांगले आहे हो तुझे’ असे म्हणू नये. ‘सवय चांगली लागली आहे तुला’ असे म्हणावे. म्हणजे पुढे कधी चुकले, तरी आपल्याला डोकेच नाही असे त्याला वाटणार नाही. सवय मोडली एवढेच वाटेल, आणि मोडलेली सवय पुन्हा लावता येते.